मानवी हक्कांच्या पाठाची सुरुवात चवदार तळ्यापासून करावी

आपण विचारले आहे की सातवी-आठवीच्या मुलांकडून मानवी हक्कांची यादी पाठ करून घेण्यापलीकडे शिक्षकाला काय करता येईल. मी माध्यमिक शाळेत इतिहास व नागरिकशास्त्र शिकवतो. माझे मत असे की १९४८ च्या जागतिक जाहीरनाम्याची तीस कलमे फळ्यावर लिहून सुरुवात करू नये. ती महत्त्वाची आहेतच. परंतु हक्क कागदावर असणे आणि तो प्रत्यक्ष वापरता येणे यांत किती अंतर असते हे उमगल्याशिवाय मुलांना त्या कलमांची गरज जाणवत नाही, आणि ते अंतर दाखवण्यासाठी महाडच्या चवदार तळ्याइतके स्पष्ट उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

पाठ्यपुस्तकात महाडचा सत्याग्रह बहुधा एका तारखेपुरता येतो. तो घटनाक्रमाने सांगावा. ४ ऑगस्ट १९२३ रोजी समाजसुधारक सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने संमत केला आणि सार्वजनिक खर्चाने चालणारे पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला खुले झाले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तळे खुले असल्याचा ठराव केला. तरीही त्या समाजातील कोणी तळ्यावर जाऊ शकत नव्हते. येथे थांबावे आणि मुलांना विचारावे : ठराव झाला होता, मग पाणी का घेता आले नाही? मुले मारहाणीची भीती, गावाचा बहिष्कार, मजुरी बुडण्याची धास्ती अशी उत्तरे स्वतःहून देतात. कायद्याच्या मर्यादेविषयी आपण तासभर बोललो तरी एवढे स्पष्ट होणार नाही.

त्यानंतर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो लोकांसह तळ्यावर जाऊन पाणी घेतले, मागाहून त्या वेळी महाडला भरलेल्या परिषदेच्या प्रतिनिधींवर हल्ला झाला, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले गेले, आणि त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. तळ्याच्या वापराविषयीचा न्यायालयीन लढा उच्च न्यायालयात संपला तो १७ मार्च १९३७ रोजी. पाणी घेण्याच्या साध्या कृतीला न्यायालयाची मान्यता मिळायला दहा वर्षे लागली, हा हिशेब मुलांनाच करू द्यावा. सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधर सहस्रबुद्धे यांचाही उल्लेख करावा, कारण ज्यांना स्वतःला पाण्याची बंदी नव्हती अशी माणसेही या लढ्यात उभी राहिली. मात्र वर्गातील कोणत्याही मुलाकडे पाहून ही कथा सांगितली जाऊ नये; ती दयेची नव्हे, तर संघटित धैर्याची कथा आहे आणि त्याच सुरात ती पोहोचली पाहिजे.

यानंतर मुलांनी स्वतःच्या शाळेकडे पाहावे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे आणि १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या अनुसूचीत मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पुरेसे व सुरक्षित पिण्याचे पाणी, अडथळाविरहित प्रवेश अशा अटी आहेत. मुलांनी गट करून याची पाहणी करावी. स्वच्छतागृह बांधलेले आहे, पण त्याला कुलूप असते का? पाणी भरण्याचे आणि झाडण्याचे काम कायम ठरावीक मुलांच्याच वाट्याला येते का? जे आढळेल त्याचा अर्ज मुख्याध्यापकांना द्यावा. शासकीय वा अनुदानित शाळा असल्यास शाळा व्यवस्थापन समितीलाही द्यावा, कारण तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्याच कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई करते, हेही मुलांना मोकळेपणाने सांगावे. हातात छडी घेऊन हक्क शिकवणाऱ्या शिक्षकावर मुले विश्वास ठेवणार नाहीत, आणि त्यांनी ठेवूही नये.

काही पालक व सहकारी म्हणतील की हक्क शिकवल्याने मुले उद्धट होतात, आधी कर्तव्ये शिकवा. संविधानात मूलभूत कर्तव्ये आहेत आणि ती जरूर शिकवावीत; पण कर्तव्य पार पाडल्याचे बक्षीस म्हणून हक्क मिळत नाही, ही गोष्ट शिक्षकाच्या मनात पक्की असली पाहिजे.

एक खबरदारी अत्यंत महत्त्वाची आहे. ‘तुमच्यावर झालेला अन्याय सांगा’ असा स्वाध्याय वर्गासमोर कधीही देऊ नये. तरीही एखादे मूल एकट्याने येऊन काही सांगेल. ते शांतपणे ऐकावे, इतरांत चर्चा करू नये, आणि १०९८ हा बालमदत क्रमांक हाताशी ठेवावा. लैंगिक अत्याचाराची बाब असेल तर २०१२ च्या पॉक्सो (बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण) कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. शाळेची अब्रू जाईल म्हणून प्रकरण दडपणे हा गुन्हा ठरतो.

वेळेविषयी सांगायचे तर २६ नोव्हेंबरचा संविधान दिन आणि १० डिसेंबरचा मानवी हक्क दिन यांमधला पंधरवडा या कामासाठी सोयीचा असतो. मार्च महिन्यात वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असते, म्हणून पाहणी व अर्ज तोवर लांबवू नयेत. अर्जाला उत्तर आले की नाही याचा पाठपुरावा करण्यासाठी मुलांना दुसरे सत्र मोकळे मिळाले पाहिजे.