वाचकांचे प्रश्न : ग्रंथपालांचे म्हणणे कोहाच्या समुदायापर्यंत कसे न्यावे?

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातील एका अनुदानित महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. आमच्याकडे सहा वर्षांपासून कोहा ही मुक्त-स्रोत ग्रंथालय प्रणाली चालते. परिसरातील दहा-बारा ग्रंथपालांचा आमचा गट आहे. आमच्या अडचणी कोहाच्या जागतिक समुदायापुढे मांडण्यासाठी मी स्वयंसेवक म्हणून पुढे यावे, असा सर्वांचा आग्रह आहे. मला प्रोग्रामिंग येत नाही आणि इंग्रजी बोलताना संकोच वाटतो. तेथे मला प्रतिनिधी म्हणून कोणी मानेल का, आणि नेमके काय करावे लागेल?

उत्तर : आपण होकार द्यावा, असे मी आधीच सांगून टाकते. प्रोग्रामिंग न येणाऱ्या माणसाचे कोहात काय काम, ही शंका या प्रणालीच्या जन्मकथेनेच फिटते. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टची जुनी संगणक प्रणाली २००० सालच्या तारखा हाताळू शकणार नव्हती, म्हणून ट्रस्टने १९९९ मध्ये काटिपो कम्युनिकेशन्स या कंपनीकडून नवी प्रणाली लिहून घेतली. देवघेव कशी चालते आणि वाचक काय विचारतात, हे ग्रंथालयातील माणसांनी सांगितले आणि त्यावरून कंपनीने संगणकाची आज्ञावली लिहिली. ३ जानेवारी २००० रोजी ती कामाला लागली आणि जीपीएल या मुक्त-स्रोत परवान्याखाली सर्वांसाठी खुली झाली. ‘कोहा’ हा माओरी शब्द आहे. त्याचा अर्थ भेट असा होतो. पण ती परतफेडीची जाणीव सोबत घेऊन येणारी भेट असते. आपल्या ग्रंथालयाने सहा वर्षे ही भेट वापरली आहे, म्हणून आपल्या गटाचा आग्रह मला अगदी योग्य वाटतो.

मान्यतेविषयी मात्र अपेक्षा थोडी बदलावी लागेल. ‘वापरकर्त्यांचा प्रतिनिधी’ असे निवडून भरायचे पद कोहात नाही. दर वर्षी मे आणि नोव्हेंबर महिन्यांत नवी आवृत्ती निघते. प्रत्येक फेरीपूर्वी आवृत्ती-व्यवस्थापक, गुणवत्ता तपासणारा चमू, माहितीपुस्तिका व भाषांतर सांभाळणारे, आलेल्या तक्रारींची छाननी करणारे अशा जबाबदाऱ्यांसाठी स्वयंसेवक आपली नावे देतात आणि समुदायाच्या बैठकीत त्यांवर मत घेतले जाते. या बैठका टंकलिखित संवादातून होतात, त्यामुळे बोलण्याचा संकोच तेथे आड येत नाही. साधी, छोटी इंग्रजी वाक्ये लिहिता आली की पुरते. सांगलीतील दहा ग्रंथपालांनी सह्या करून दिलेल्या पत्रापेक्षा आपण नीट मांडलेल्या चार तक्रारी आणि तपासलेले चार बदल यांना तेथे अधिक वजन असते. मला ही पद्धत न्याय्य वाटते, कारण तेथे कोणाचे पद पाहिले जात नाही, काम पाहिले जाते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. आपले सहकारी सांगतील, ‘मराठी शोध नीट चालत नाही.’ हे वाक्य जसेच्या तसे पुढे पाठवले, तर त्यावर कोणालाही काही करता येणार नाही. मीही पहिल्या वेळी असेच एक वाक्य पाठवले होते आणि त्यावर पाच प्रश्न परत आले : कोणती आवृत्ती, कोणता शब्द, काय मिळायला हवे होते, काय मिळाले, आणि दुसऱ्या यंत्रावरही तसेच होते का? ही उत्तरे आधीच गोळा करून ठेवणे हा प्रतिनिधीच्या कामाचा मोठा भाग आहे. ‘दऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातील अर्धा र संगणकात दोन प्रकारे साठवता येतो : एकात नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलंत जोडलेला असतो, तर दुसऱ्यात साधा ‘र’, हलंत आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह असते. दिसायला दोन्ही सारखे, पण यंत्राला ते वेगळे शब्द वाटू शकतात. तालिकेत नोंद एका पद्धतीने झाली असेल आणि वाचकाने शोध दुसऱ्या पद्धतीने घेतला, तर कपाटात असलेले पुस्तक पडद्यावर सापडत नाही. फ्रान्समधील किंवा न्यूझीलंडमधील विकासकाला ही गोष्ट आपोआप कळण्याचा काहीच मार्ग नाही. ती आपणच दोन्ही रूपे शेजारी ठेवून दाखवली पाहिजे.

त्याआधी आणखी एक गाळणी लावावी. पुष्कळ तक्रारी प्रणालीतील दोषाच्या नसतात, तर मांडणी करताना राहून गेलेल्या गोष्टींच्या असतात. कोहातील झेब्रा हे शोधयंत्र देवनागरीसाठी आयसीयू (निरनिराळ्या लिप्यांतील शब्द नीट ओळखणारी संगणकीय सोय) पद्धतीच्या अनुक्रमणीवर बसवावे लागते. ते न करताच अनेक ठिकाणी प्रणाली उभी केली जाते आणि दोष कोहाच्या माथी येतो. गटातल्या गटात असे पन्नास प्रश्न सुटले आणि खरे पाचच पुढे गेले, तर त्या पाचांकडे नीट लक्ष दिले जाईल.

तक्रार नोंदवण्याइतकेच मोलाचे, आणि आपल्याकडे फारच कमी लोक करतात असे, एक काम म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या बदलांची चाचणी. कोहात कोणताही बदल लिहिणाऱ्याच्या एकट्याच्या शब्दावर स्वीकारला जात नाही. दुसऱ्या कोणीतरी तो चालवून पाहून त्याला संमती द्यावी लागते, मग गुणवत्ता चमू तो तपासतो आणि त्यानंतरच तो मुख्य आज्ञावलीत जातो. बदलासोबत चाचणीच्या पायऱ्या लिहिलेल्या असतात. ‘सँडबॉक्स’ नावाच्या सोयीत तक्रारीचा क्रमांक दिला की तो बदल घातलेली कोहाची तात्पुरती प्रत न्याहाळकातच उघडते. आपल्या यंत्रावर काहीही बसवावे लागत नाही. पुस्तक परत घेताना दंड बरोबर लागतो की नाही, हे तपासायला प्रोग्रामरपेक्षा देवघेवीच्या खिडकीवर बसलेला माणूस अधिक योग्य. आठवड्याला दोन तास या कामाला दिले, तर सहा महिन्यांत लोक आपल्याला नावाने ओळखू लागतील.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळा. तक्रारींची नोंद सर्वांना खुली असते, म्हणून विद्यार्थ्यांची नावे, दूरध्वनी क्रमांक किंवा कोणी कोणते पुस्तक नेले हे दिसणारे पडद्याचे चित्र तेथे कधीही लावू नका. चाचणीसाठी काल्पनिक सभासद तयार करा. दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. आपल्या गटाच्या मागणीला कधी ‘नाही’ असे उत्तर येईल, कधी वर्षभर कोणीच ती हाती घेणार नाही. ते उत्तर त्याच्या कारणासह गटाला सांगणे हेही प्रतिनिधीचेच काम आहे. तसेच एखादे मत गटाचे आहे की केवळ आपले, हे प्रत्येक वेळी स्पष्ट लिहा. गटात दोन मते असतील, तर दोन्ही लिहा. विकासकांना त्यातूनच पर्याय ठेवण्याची गरज कळते.

आपल्या भागातून कोणी तेथे गेलेच नाही, असेही नाही. २०११ मध्ये कोहाची जागतिक परिषद ठाण्यात विद्या प्रसारक मंडळाच्या यजमानपदाखाली भरली होती.

प्रश्न : आमचे ग्रंथालय कोहाच्या देखभालीसाठी एका सेवादाराला दरवर्षी शुल्क देते. मग अडचणी आम्ही स्वतः समुदायापुढे का मांडायच्या? (एक ग्रंथपाल, नाशिक जिल्हा)

उत्तर : सर्व्हर बंद पडला, बॅकअप परत आणता येत नाही, आवृत्ती बदलताना गडबड झाली, अशा बाबी सेवादाराच्याच आहेत आणि त्या समुदायापुढे नेऊ नयेत. पण मूळ आज्ञावलीतील दोष सेवादाराने फक्त आपल्या प्रतीत दुरुस्त केला, तर पुढच्या आवृत्तीच्या वेळी ती दुरुस्ती पुन्हा घालावी लागते आणि तिचा खर्च पुन्हा आपल्यावर पडू शकतो. तीच दुरुस्ती मुख्य आज्ञावलीत गेली, तर हा फेरा संपतो. म्हणून पुढील कराराच्या वेळी एक अट लेखी घालून घ्या : आपल्याकडे सापडलेला प्रत्येक मूळ दोष सेवादाराने समुदायाकडे नोंदवावा आणि त्या नोंदीचा क्रमांक आपल्याला कळवावा. क्रमांक हाती आला की त्यावर काय चर्चा चालू आहे, हे आपल्याला स्वतःच वाचता येईल आणि दुरुस्ती तयार झाल्यावर तिची चाचणीही करता येईल.