मध्ययुगीन इंग्लंडचा राजा आपल्या बलाढ्य सरदारांना काबूत कसा ठेवायचा?

राजाकडे कायमची खडी फौज नव्हती, मग स्वतःचे किल्ले आणि शिबंदी असलेले सरदार त्याचं ऐकत का, ही तुमची शंका रास्त आहे. लढाया झाल्याच, पण मला विचाराल तर राजाची खरी पकड तलवारीत नव्हती. ती सरदाराच्या घरात होती: त्याच्या वारसावर, मुलीवर, विधवेवर.

1066 मध्ये नॉर्मंडीच्या ड्यूक विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि तिथली सगळी जमीन अखेरीस राजाची, सरदार ती त्याच्याकडून धारण करतो, हे पक्कं झालं. त्यामुळे सरदार मेला की वारसाला जहागीर सोडवून घेण्यासाठी नजराणा भरावा लागे. वारस अज्ञान असला तर तो मोठा होईपर्यंत जहागीर राजाच्या ताब्यात आणि उत्पन्नही त्याचंच. मुलगी वारस असली तर तिचं लग्न कुणाशी लावायचं हे राजा ठरवी. विधवेलाही मनाविरुद्धचं लग्न टाळायचं तर पैसे मोजावे लागत.

याच अधिकारातून राजा नवी माणसं उभी करी. विल्यम मार्शल हा धाकटा मुलगा, नावावर जमीन जवळजवळ नाही. 1189 मध्ये राजा रिचर्डने त्याचं लग्न इझाबेल द क्लेअर या वारसदार मुलीशी लावून दिलं. एका लग्नात वेल्सच्या सीमेवरच्या आणि आयर्लंडमधल्या प्रचंड जहागिरी त्याच्याकडे आल्या. असा माणूस राजाला कसा विसरेल?

रिचर्डचा भाऊ जॉन 1199 मध्ये गादीवर आला आणि त्याने कर्जाचाच फास केला. नजराणा किती, याला नियम नव्हता. मध्यम सरदाराचं वर्षाचं उत्पन्न दोनशे पौंडांच्या आसपास असताना 1205 मध्ये निकोलस द स्टटव्हिलला वारशासाठी 10,000 मार्क, म्हणजे सुमारे 6,666 पौंड लावले, आणि तारण म्हणून नेर्सबरोचा किल्ला राजाने स्वतःकडे ठेवला. ही रक्कम फिटावी अशी अपेक्षाच नव्हती, असं मला वाटतं. एक्सचेकर या हिशेबाच्या कचेरीत चौकड्यांच्या कापडावर सोंगट्या मांडून हिशेब होई आणि थकबाकी वर्षानुवर्षं गुंडाळ्यांवर चढत राही. सरदार नीट वागला तर वसुली सबुरीने. नाही वागला तर सगळी बाकी एकदम, नाहीतर जहागीर जप्त.

विल्यम द ब्रायोझच्या घराचं काय झालं ते वाचताना मला दर वेळी त्रास होतो. तो जॉनचा जवळचा माणूस, आयर्लंडमधल्या लिमरिकसाठी 5,000 मार्क देणं लागत होता, बहुतेक सगळे थकलेले. मर्जी फिरली तेव्हा राजाने त्याच्या मुलांना ओलीस मागितलं. स्वतःच्या पुतण्याला, आर्थरला, मारणाऱ्या राजाच्या हाती मी मुलं देणार नाही, असं त्याची बायको मॅटिल्डा बोलून गेली, असं तेव्हाचा इतिहासकार रॉजर ऑफ वेंडओव्हर सांगतो. 1210 मध्ये ती आणि तिचा थोरला मुलगा राजाच्या कैदेत उपासमारीने मेले. विल्यम फ्रान्सला पळाला आणि पुढच्याच वर्षी वारला.

अशा भीतीने माणसं गप्प बसतात, पण ती बाजू शोधत असतात. फ्रान्समधली मोहीम 1214 मध्ये फसली आणि पुढच्या वर्षी सरदार उठले, त्यांत स्टटव्हिलही होता. जून 1215 मध्ये रनीमीडला जॉनने जी मॅग्ना कार्टा, म्हणजे राजाच्या अधिकारांना बांध घालणारी सनद, मान्य केली, ती याच नजरेने वाचून बघा. दुसऱ्याच कलमात बॅरनचा, म्हणजे बड्या सरदाराचा, नजराणा 100 पौंडांवर बांधून टाकलाय. आठव्यात विधवेवर लग्नाची सक्ती नाही. एकोणपन्नासाव्यात सगळे ओलीस ताबडतोब परत. राजाचं एकेक हत्यार नाव घेऊन काढून घेतलंय.

मार्शल मात्र जॉनच्याच बाजूने राहिला, आणि तेही जॉनने 1205 आणि 1207 मध्ये त्याचे दोन मुलगे ओलीस घेतले असताना. लहानपणी तो स्वतःच राजा स्टीफनकडे ओलीस होता. त्याला फासावर देण्याची धमकी आली, तेव्हा याहून चांगली मुलं घडवायला ऐरण-हातोडा माझ्याकडे आहेत, असं बापाने कळवल्याचं त्याच्या चरित्रकाव्यात आहे. 1216 मध्ये जॉन मेला, गादीवर नऊ वर्षांचा हेन्री आला आणि राज्याचा कारभार मार्शलकडे सोपवला गेला. त्याच नोव्हेंबरात त्याने मॅग्ना कार्टा राजाच्या नावाने पुन्हा जारी केली. काही कलमं गाळली, पण 100 पौंडांचं कलम तसंच ठेवलं.