कॅनडातल्या ऑंटारियोच्या फ्लाय-इन लॉजवर (जिथे छोट्या विमानानेच पोचता येतं) मासेमारीला पहिल्यांदा जाताय?

मे मधे उत्तर ऑंटारियो, भारी प्लॅन केलात! सोनार (मासे शोधायचं यंत्र), ट्रोलिंग (चालत्या बोटीमागे गळ ओढणं) वगैरे पुढच्या वर्षी बघू, आत्ता एवढंच सांभाळा.

- बऱ्याच झोनमधे (मासेमारीसाठी पाडलेल्या विभागांमधे) वॉलआय या माशाचा सीझन मे च्या तिसऱ्या शनिवारी उघडतो पण नियम झोनप्रमाणे बदलतात, म्हणून आधी झोन नंबर बघा. आउटडोअर्स कार्ड (मासेमारी-शिकारीसाठीचं ओळखपत्र) आणि मासेमारीचं लायसन्स घरूनच काढून न्या.
- फ्लोटप्लेनमधे (पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानात) वजनाची मर्यादा असते. नवीन माणूस हमखास लूअरचे (नकली आमिषांचे) डबे भरतो आणि रेनकोट विसरतो.
- लाइफ जॅकेट अंगात हवं, सीटखाली नको. बर्फ नुकताच वितळलेला असतो, अशा पाण्यात पट्टीच्या पोहणाऱ्याचेही हातपाय काही मिनिटांत आखडतात.

मासा शोधायचा तर ओढा तलावाला मिळतो तिथे जा, अंडी घालून झाली की वॉलआय तिथेच उथळ पाण्यात रेंगाळतो. पाव औंसाचा जिग (वजन लावलेला गळ) तळाला टेकू द्या, वीतभर उचला, परत सोडा, लाइन जड लागली की झटका. भराभर रील फिरवू नका, सगळे तिथेच चुकतात.

अस्वलाची शिकार यंदा नकोच. त्याला हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो, शिवाय वसंतात पिल्लं सोबत असलेली मादी मारायला बंदी आहे आणि ती ओळखायला नजर तयार व्हावी लागते.

आणि हो, ब्लॅकफ्लाय या चावऱ्या माश्यांसाठी डोक्यावरची जाळी घ्याच!