इराणी जेवण, मागचा हुक्क्याचा मांडव आणि आईची डोकेदुखी

आपली पोस्ट वाचली आणि तीन वर्षांपूर्वीचा आमचा एक शनिवार जसाच्या तसा डोळ्यांसमोर उभा राहिला. आपण लिहिले आहे की पुण्याहून आलेल्या आई-बाबांना आपण उत्तर लंडनमधल्या एका साध्या, घरगुती इराणी रेस्टॉरंटमध्ये नेले, मागच्या अंगणातल्या हुक्क्याच्या मांडवात दोन-अडीच तास बसलात, परतताना आईंचे डोके ठणकू लागले, मळमळले, आणि परके तुपकट जेवण सोसले नाही असे घरात ठरून गेले. बाबांना कबाब आवडल्यामुळे येत्या शनिवारी पुन्हा तिथेच जायचे आहे आणि आईंना सोसेल असे हलके काय मागवावे, एवढाच आपला प्रश्न आहे. पदार्थांविषयी मी शेवटी लिहिते. आधी एवढेच विचारते की त्या मांडवाच्या बाजू उघड्या होत्या का?

आमच्या मांडवाच्या नव्हत्या. नोव्हेंबर महिना होता. माझी आई सांगलीहून सहा आठवड्यांसाठी आली होती; वय अडुसष्ट, रक्तदाबाची एक गोळी चालू, बाकी प्रकृती ठणठणीत. नवऱ्याच्या मित्रांना हुक्का ओढायचा होता आणि आईलाही त्याचे कुतूहल होते, कारण तिच्या आजोबांची पितळी गुडगुडी तिने लहानपणी पाहिलेली होती. मी फोन करून फक्त एवढेच विचारले की हुक्क्यासाठी बाहेरचे टेबल मिळेल का. ‘हो, बाहेरचे आहे’ असे उत्तर आले आणि ‘बाहेरचे’ म्हणजे उघड्यावरचे, असे मी गृहीत धरले. माझी चूक झाली ती इथेच. त्या संध्याकाळी नंतर जे काही झाले ते सगळे या एका न विचारलेल्या प्रश्नातून झाले.

प्रत्यक्षात अंगणावर पक्के छत होते. तीन बाजूंना जाड पारदर्शक प्लॅस्टिकचे पडदे होते आणि थंडीमुळे ते खालपर्यंत सोडून जमिनीलगत वाळूच्या पिशव्यांनी दाबून ठेवलेले होते. छताखाली गॅसचे हीटर जळत होते. कोपऱ्यात एक मुलगा शेगडीवर कोळसे फुलवत होता आणि दर वीसेक मिनिटांनी टेबलाटेबलावर जाऊन चिलमीवरचा विझत आलेला निखारा चिमट्याने उचलून तिथे नवा, लालबुंद निखारा ठेवत होता. त्या रात्री काढलेल्या एका फोटोत मी नंतर मोजले, तर आमच्या आसपास अकरा हुक्के होते. हवेत सफरचंदाचा आणि पुदिन्याचा गोड वास होता, डोळे चुरचुरत नव्हते, खोकला येत नव्हता, त्यामुळे आपण धुरात बसलो आहोत असे कुणालाही वाटले नाही.

चहा आला तेव्हा आई म्हणाली, ‘डोळ्यांवर झापड येतेय गं.’ जेवण जास्त झाले असेल, असे मी म्हटले. हात धुवायला उठताना तिने खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली आणि क्षणभर तशीच उभी राहिली. गाडीपर्यंत चालत जाताना गार वारा लागला आणि तिला बरे वाटले. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवे होते, कारण जेवण बाधले असते तर मोकळ्या हवेत दहा मिनिटांत उतार पडला नसता. घरी आल्यावर मात्र तिला उलटी झाली. नवऱ्याच्या एका मित्राचेही डोके दुखत होते; पहिल्यांदाच ओढला म्हणून असेल, असे त्याने मानून घेतले.

रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या एका दवाखान्यात आम्ही तिला नेले, आणि या सगळ्या प्रकरणात माझ्या मनाला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट तिथे घडली. सव्वा तास बसवून ठेवल्यावर चार पानांचा फॉर्म भरून घेतला गेला. परदेशातून आलेल्या व्यक्तीचा खर्च कोण देणार, याविषयी त्यात सगळे काही होते. मग आईच्या बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावला, आकडा ९८ आला, रक्तदाब थोडा जास्त निघाला, आणि ऑक्सिजन उत्तम आहे, काळजीचे कारण नाही, असे सांगण्यात आले. मी आपण होऊन म्हटले की आम्ही हुक्क्याच्या मांडवात बसलो होतो. ‘त्या स्वतः ओढत होत्या का?’ एवढाच उलट प्रश्न आला. ‘नाही’ म्हटल्यावर तो विषय तिथेच संपला आणि पित्ताच्या गोळ्या लिहून दिल्या गेल्या. जागा बंद होती का, किती वेळ बसलात, बरोबरच्या आणखी कुणाला त्रास झाला का, यांपैकी एकही प्रश्न कुणी विचारला नाही आणि रक्त तपासण्याचे नावही काढले नाही. समोर बसलेल्या वयस्क बाईंची भाषा आपल्याला कळत नसेल तर प्रश्न कमी न करता जास्त विचारायला हवेत, हे माझे मत आजही कायम आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिरजेला डॉक्टर असलेल्या मावसभावाला आईने सहज फोन केला. त्याने सगळे ऐकून घेतले आणि पहिलाच प्रश्न विचारला, ‘तिथं कोळसा होता का?’

त्याने तेव्हा जे समजावले आणि मी नंतर वाचून जे पडताळून घेतले, ते थोडक्यात सांगते. मी डॉक्टर नाही, तेव्हा हे वैद्यकीय सल्ला म्हणून घेऊ नये. हुक्क्यात तंबाखू थेट जळत नाही, वरच्या निखाऱ्याच्या आचेने ती तापते. आणि जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो, ज्याला रंग नाही की वास नाही. पाण्यातून गेल्याने तो गाळला जात नाही. तंबाखूविरहित, ‘हर्बल’ मिश्रण घेतले तरी वरचा कोळसा तोच असतो, त्यामुळे या बाबतीत त्याचा काही उपयोग नाही. ओढणाऱ्याचे तर विचारूच नका: तासाभराच्या बैठकीत साधारण दोनशे झुरके होतात, एका सिगारेटचे वीसेक. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. बोटावरचा नेहमीचा चिमटा प्रकाशाच्या आधारे मोजमाप करतो आणि ऑक्सिजन घेतलेले हिमोग्लोबिन कोणते व हा वायू घेतलेले कोणते, हे त्याला वेगळे ओळखता येत नाही. म्हणून विषबाधा झालेली असतानाही तो ९८ दाखवू शकतो. खरे उत्तर मिळते ते रक्तातल्या कार्बॉक्सीहिमोग्लोबिनच्या, म्हणजे हा वायू चिकटलेल्या हिमोग्लोबिनच्या, तपासणीतून, आणि तीही वेळेवर केली तरच, कारण साध्या हवेत त्याचे प्रमाण चार-पाच तासांत निम्म्यावर येते.

आम्ही रक्त तपासून घेतले ते सोमवारी. अर्थातच काही निघाले नाही. त्यामुळे आईला नेमके तेच झाले होते, असे मी आज छातीठोकपणे म्हणू शकत नाही आणि आपल्या आईंच्या बाबतीत तर मुळीच म्हणणार नाही. पण एकाच जागी बसलेल्या दोघांचे डोके दुखणे, ताप नसणे, मोकळ्या हवेत उतार पडणे, हे सगळे एकत्र आल्यावर जेवणाकडे बोट दाखवणे मला पटत नाही. आमचे खरे नुकसान पुढे झाले. आईने मनाशी पक्के धरले की तिला इकडचे खाणे सोसत नाही. उरलेले चार आठवडे तिने भात-आमटीपलीकडे काही घेतले नाही आणि तिच्यासाठी ठरवलेली एडिनबरोची सहलसुद्धा तिने स्वतःच रद्द करायला लावली. आपल्या आईंच्या मनात अशी भीती घर करण्याआधी त्यांच्याशी बोला, असे मी आग्रहाने सांगेन.

आपल्याकडून येणाऱ्या मंडळींना या जागांची सवय नसते, हेही ध्यानात घ्यायला हवे. मुंबईत कमला मिल आवारात डिसेंबर २०१७ मध्ये लागलेल्या आगीत १४ जण दगावले आणि त्यानंतर २०१८ मध्ये महाराष्ट्राने हुक्का पार्लरवर बंदी घातली. हुक्क्याचा निखारा किती घातक ठरू शकतो, याची चर्चा तेव्हा घरोघरी झाली होती. पण ती चर्चा आगीची होती. हवेविषयी कुणी बोलत नाही.

इथला कायदा मात्र हवेचाच विचार करतो. इंग्लंडमध्ये १ जुलै २००७ पासून बंदिस्त आणि बहुतांशी बंदिस्त सार्वजनिक जागांत धूम्रपानाला मनाई आहे आणि हुक्काही त्यातच येतो. वर छप्पर असेल आणि भिंतींच्या एकूण क्षेत्रफळापैकी निम्म्याहून कमी भाग कायमचा उघडा असेल, तर ती जागा बहुतांशी बंदिस्त ठरते. उघडता-मिटता येणारी दारे-खिडक्या किंवा तशी इतर सोय या उघड्या भागात धरली जात नाही. म्हणजे ‘पडदा वर करता येतो की’ हे उत्तर पुरेसे नाही. मी वकीलही नाही, पण टेबलावर बसण्याआधी तीन बाजूंकडे एकदा नजर टाकायला वकील लागत नाही. तक्रार करायची असल्यास ती स्थानिक कौन्सिलकडे करता येते.

आता शनिवारचे. आई-बाबांसह आतल्या दालनात बसावे, हे माझे स्पष्ट मत आहे. हुक्का कुणाला हवाच असेल तर त्यांनी जेवण झाल्यावर वेगळे बाहेर जावे. ‘थोडा वेळच बसू’ ही तडजोड करू नये, कारण इराणी जेवण, चहा आणि गप्पा मिळून दोन तास सहज होतात. फोनवर बोलताना हुक्का न म्हणता शीशा म्हणावे, इथे तोच शब्द चालतो. आतल्या दालनाचे दार मांडवात उघडत असेल तर त्या दारापासून लांबचे टेबल मागावे. मी आता पर्समध्ये बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ठेवते, पण त्याच्यावर विसंबून राहू नये: घरगुती अलार्म ५० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग) पातळीला तासाभराने किंवा त्याहूनही उशिरा वाजतात, त्यामुळे तो गप्प आहे म्हणजे हवा चांगली आहे, असे होत नाही. आणि पुन्हा कधी तसे झालेच तर ताबडतोब मोकळ्या हवेत जावे, रुग्णालयाचा ‘ए अँड ई’ म्हणजे तातडीच्या उपचारांचा विभाग गाठावा आणि कार्बन मोनॉक्साइड हे शब्द स्वतःच्या तोंडाने उच्चारून रक्ततपासणी मागावी. शुद्ध हरपली किंवा छातीत दुखले तर ९९९ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा. पाहुण्यांनाही त्या विभागातले उपचार मोफत असतात, दाखल करून घेतल्यावर मात्र खर्च लागू होऊ शकतो.

बिलाविषयी एकच सांगते. हुक्क्याचा दर अनेकदा जेवणाच्या मेनूवर नसतो, तो आधी विचारावा.

जेवणाविषयी आता निश्चिंतपणे लिहिता येते. पुण्या-मुंबईच्या इराण्याकडचा बन मस्का मनात धरून गेल्यास आई-बाबांचा हिरमोड होईल. इथले जेवण वेगळे, भाताभोवती फिरणारे आहे. मात्र बॅलार्ड इस्टेटमधला बेरी पुलाव बाबांनी खाल्ला असेल, तर त्याचे मूळ रूप झेरेश्क पोलो त्यांना ओळखीचे वाटेल. कबाबांत चिकनचा जूजे सगळ्यांत हलका. कूबिदे खिम्याचा असतो. तो बहुधा मेंढीचा, पण गोमांस मिसळलेलाही असतो, तेव्हा वर्ज्य असेल तर न संकोचता विचारावे. आई शाकाहारी असतील तर कश्क-ए-बादेमजान हे वांग्याचे भरीत मागवावे. मिर्झा घासेमीही वांग्याचेच, पण त्यात अंडे असते. आश-ए-रेश्ते हे पालेभाज्या, कडधान्ये आणि शेवयांचे दाट सूप पोटभरीचे आहे, फक्त ते मांसाच्या रश्श्यात शिजवलेले नाही ना, याची खात्री करून घ्यावी. दूघ म्हणजे पुदिना घातलेले खारट ताक. ते कधी सोड्यासारखे फसफसते.

घोर्मे सब्जी हा पालेभाज्यांचा रस्सा मांसाचा असतो, पण बाबांसाठी जरूर मागवा. माझी आई पुढच्या वर्षी पुन्हा आली तेव्हा मी तिला त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या एका ठिकाणी आतल्या दालनात नेले होते. वाटी समोर येताच तिने वास घेतला आणि म्हणाली, ‘अगं, ही तर मेथी.’ मेथीच आहे ती, कोथिंबीर आणि इतर पाल्याबरोबर तासन्‌तास शिजवलेली. त्यात तरंगणारे काळपट वाळवलेले लिंबू मात्र चावू नये, ते कडवट लागते. त्या रात्री तिने भात पुन्हा मागून घेतला, भाताच्या तळाची कुरकुरीत खरवड, म्हणजे तहदीग, आम्हाला न देता एकटीने संपवली, आणि निमुळत्या ग्लासातला चहा साखरेचा खडा दातांत धरून प्यायली. डोके दुखले नाही.