चुकीच्या तारखेचे रेल्वे तिकीट: आधी घड्याळ, मग ग्राहक आयोग

तुमची अडचण मला समजली ती अशी. गणपतीसाठी कुडाळला जायला तुम्ही एका खासगी ॲपवरून दादरहून सुटणाऱ्या तुतारी एक्सप्रेसची थ्री एसीची चार तिकिटे काढली आणि ती कन्फर्म मिळाली. दहा मिनिटांनी लक्षात आले की, शुक्रवारी रात्री घरून निघायचे म्हणून तुम्ही तारीख शुक्रवारची टाकली. पण गाडी रात्री 12 वाजून 5 मिनिटांनी सुटत असल्यामुळे हे तिकीट प्रत्यक्षात गुरुवारी रात्री घर सोडणाऱ्याचे आहे. प्रवासाला अजून पाच आठवडे आहेत. चूक इतक्या लगेच लक्षात आली असताना पूर्ण पैसे परत मागण्याचा ग्राहक म्हणून हक्क नाही का, आणि बिलात न मागता लागलेल्या 316 रुपयांच्या ‘फ्री कॅन्सलेशन’चे काय करायचे, हे तुमचे दोन प्रश्न आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे. विमानाच्या तिकिटाला काही अटींवर अशी मुभा असते, त्यामुळे रेल्वेतही ती असणार असे अनेकांना वाटते. परंतु रेल्वेच्या परताव्याच्या नियमांत तिकीट किती मिनिटांपूर्वी काढले याला काहीच महत्त्व नाही, गाडी सुटायला किती वेळ उरला आहे एवढेच पाहिले जाते. तारीख तुम्ही निवडली, रेल्वेने तीच दिली, म्हणजे सेवेत त्रुटी झाली असे म्हणता येत नाही, आणि त्रुटीच नसेल तर ग्राहक कायद्याला धरायला काही उरत नाही. हे ऐकायला कठोर वाटेल, पण चार पत्रे लिहून शेवटी कळण्यापेक्षा आज कळलेले बरे.

ही चूक मी स्वतः 2023 साली केली आहे आणि तुमच्यापेक्षा महाग केली आहे. याच गाडीसाठी, याच दादर स्थानकावर, शुक्रवारी रात्री पावणेबारा वाजता चार बॅगा आणि दोन पेंगुळलेली मुले घेऊन आम्ही उभे होतो. डब्यात आमच्या बर्थवर दुसरेच कुटुंब चादरी पसरून बसलेले पाहून मी तावातावाने टीसीकडे गेलो. त्यांनी माझ्या मोबाइलवरचे तिकीट एकदा पाहिले, मोबाइल परत दिला आणि शांतपणे म्हणाले, “साहेब, तुमची गाडी काल गेली.” त्या चार तिकिटांचा एक रुपयाही परत आला नाही आणि येण्याचे कारणही नव्हते, कारण टीडीआर, म्हणजे रद्द न केलेल्या तिकिटाच्या परताव्याचा अर्ज, भरण्यासाठी गाडी तीन तासांहून अधिक उशिरा धावणे यासारखे रेल्वेकडचे कारण लागते, प्रवाशाने तारीख चुकीची वाचली हे त्यात बसत नाही.

नंतर मी बसून हिशेब केला, तो तुम्हाला उपयोगी पडेल. 12 नोव्हेंबर 2015 पासून लागू झालेल्या आणि माझ्या वेळी चालू असलेल्या नियमांनुसार कन्फर्म तिकीट 48 तासांहून आधी रद्द केले तर थ्री एसीला माणशी 180 रुपये आणि स्लीपरला 120 रुपये कापले जात; 48 ते 12 तासांत भाड्याच्या 25 टक्के, 12 ते 4 तासांत 50 टक्के, आणि त्यानंतर परतावा शून्य. सोयीसाठी माणशी भाडे 800 रुपये धरा आणि जीएसटी बाजूला ठेवा. मला मंगळवारी रात्री जेवताना चूक कळली असती तर 720 रुपये गेले असते, बुधवारी कळली असती तर 800, गुरुवारी दुपारी चहाच्या वेळी कळली असती तर 1,600, आणि गुरुवारी रात्री 8 वाजून 5 मिनिटांनंतर सगळेच्या सगळे 3,200. हे टप्पे आणि रकमा रेल्वे बदलू शकते, म्हणून रद्द करण्याच्या दिवशी लागू असलेले नियम आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावर अवश्य वाचा. तुमच्या हातात पाच आठवडे असल्यामुळे तुम्ही सर्वांत स्वस्त टप्प्यात आहात.

म्हणून तक्रार लिहिण्याआधी एक काम करा: योग्य तारखेची, म्हणजे शनिवारची, चार तिकिटे आधी काढा आणि ती कन्फर्म झाल्यावरच शुक्रवारची रद्द करा. गणपतीच्या दिवसांत कोकणच्या गाड्या किती वेळात भरतात हे तुम्हाला माहीत आहेच. रागाच्या भरात आधी रद्द करून मग वेटिंग लिस्टवर लटकलेले लोक मी पाहिले आहेत. शनिवारची तिकिटे मिळालीच नाहीत, तर घरातले दोघे गुरुवारी रात्री निघू शकतात का याचा विचार करता येईल, कारण चारपैकी दोनच प्रवाशांचे तिकीट रद्द करण्याची सोय असते.

ओघात सांगतो, प्रत्येक चुकीला तिकीट रद्द करावे लागत नाही. चढण्याचे स्थानक चुकले असेल तर त्याच गाडीच्या पुढच्या स्थानकावर ते बदलून घेता येते. प्रवासी बदलायचा असेल तर आईवडील, भावंडे, मुले किंवा पती-पत्नी यांच्या नावावर तिकीट करून घेण्यासाठी गाडी सुटण्याच्या 24 तास आधी आरक्षण कार्यालयात ओळखपत्रांसह अर्ज देता येतो, मात्र एकदाच. तत्काळचे कन्फर्म तिकीट चुकले तर मात्र परतावा नाही.

आता 316 रुपयांकडे येऊ, कारण ग्राहक म्हणून तुमची खरी बाजू इथे आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 नुसार ग्राहकाची संमती त्याने स्वतः स्पष्ट कृती करून दिलेली असावी लागते. आधीच टिक केलेल्या चौकोनावरून संमती गृहीत धरता येत नाही. पुढे 30 नोव्हेंबर 2023 रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ‘डार्क पॅटर्न’विषयी, म्हणजे ग्राहकाला नकळत नको ते घ्यायला लावणाऱ्या क्लृप्त्यांविषयी, मार्गदर्शक सूचना काढल्या, ज्यांत अशा 13 क्लृप्त्या नावानिशी दिलेल्या आहेत, पैसे भरताना न विचारता बिलात काहीतरी सरकवणे ही त्यांतली एक. त्यामुळे तो चौकोन तुम्ही टिक केला नसेल तर ही रक्कम परत मागण्याचा तुम्हाला पूर्ण आधार आहे.

परंतु मागण्याआधी त्या ‘फ्री कॅन्सलेशन’च्या अटी शेवटपर्यंत वाचा. रेल्वे कापून घेणारी रक्कम त्यात भरून मिळत असेल, तर 316 रुपयांच्या मोबदल्यात तुमचे 720 रुपये वाचतात, आणि तो लाभ एकदा घेतला की ‘मला हे नको होते’ असे म्हणता येणार नाही. तत्त्वासाठी भांडायचे की चारशे रुपये वाचवायचे हे तुम्ही ठरवा. मी असतो तर निमूटपणे लाभ घेतला असता आणि तो चौकोन आधीच टिक केलेला होता एवढी तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे नोंदवून ठेवली असती. तिकिटावरचे सुविधा शुल्क मात्र कोणत्याही मार्गाने परत येत नाही, ते गेले असे समजा.

लाभ नाकारून रक्कमच परत मागायची असेल तर ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. त्याने 48 तासांत पोच देणे आणि महिनाभरात निवारण करणे त्याच ई-कॉमर्स नियमांनुसार बंधनकारक आहे. फोनवरच्या ‘कस्टमर केअर’ने “रेल्वेचा नियम आहे” असे सांगितले असेल तर ते तिकिटाच्या कपातीबद्दल खरे आहे, या 316 रुपयांबद्दल नाही, ते शुल्क रेल्वेचे नव्हेच. तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवा, आणि त्यानेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे, ज्याला आपण अजून सवयीने ग्राहक मंच म्हणतो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तक्रार तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यातच करता येते, 5 लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. मसुद्यासाठी मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांचे मार्गदर्शनही मिळते.

एक गल्लत मात्र टाळा. रेल्वेने नियमाप्रमाणे देय असलेला भाड्याचा परतावाच अडवला, तर त्या दाव्याची जागा ग्राहक आयोग नसून 1987 च्या कायद्याने स्थापन झालेले रेल्वे दावा न्यायाधिकरण आहे, ज्याची खंडपीठे मुंबई आणि नागपूरलाही आहेत. तुमच्या बाबतीत ती वेळ येऊ नये. रद्द केल्यावर रेल्वेकडून परतावा सुटल्याची तारीख आणि तो तुमच्या खात्यात आल्याची तारीख, या दोन्ही लिहून ठेवा, कारण मधल्या काळात पैसे ॲपकडे असतात आणि विलंब झालाच तर जाब त्यांनाच विचारायचा असतो.

आज रात्री करण्यासारखे एक काम उरते. बिलाचा, ‘फ्री कॅन्सलेशन’च्या अटींचा आणि नवे तिकीट काढताना दिसणाऱ्या पैसे भरण्याच्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या. तो चौकोन तुम्ही हात लावण्याआधीच टिक केलेला आहे का, हे त्या तिसऱ्या चित्रात दिसेल, आणि तक्रारीत सर्वांत जास्त वजन त्यालाच असेल. पीएनआर आणि मोबाइल क्रमांक झाकून अटींचा मजकूर इथे दिलात, तर लाभ घेणे सोयीचे की रक्कम परत मागणे, हे मी वाचून सांगतो.