आशियातला निसर्ग आणि जुन्या वास्तू रंगवणारा कोणता चित्रकार पाहावा?

माझं मत डोळे झाकून हिरोशी योशिदाला (१८७६–१९५०). मूळचा तैलरंग-जलरंगांतला हा जपानी माणूस पुढे लाकडी ठशांच्या छपाईकडे वळला. १९३०-३१ मध्ये भारत फिरून गेला आणि ताजमहाल, उदयपूर, बनारसचा घाट, कांचनजंगा, शिवाय आपलं अजिंठाही छापून काढलं!

त्याची गंमत रंगांत आहे. १९२६ च्या शिडाच्या होड्या बघा: ठसे तेच, पण रंग बदलून सकाळ, धुकं, संध्याकाळ, रात्र अशी वेगवेगळी चित्रं. पाण्यातलं शिडाचं प्रतिबिंबसुद्धा प्रत्येक वेळी नवं वाटतं.

मूळ प्रत घेणार असाल तर डाव्या समासात ‘जिझुरी’ हा शिक्का आहे का बघा. छपाईवर त्याची स्वतःची देखरेख होती, याची ती खूण.