रोमन लोकांनी सगळे देव ग्रीकांकडूनच उचलले का?

नाही, सगळे नाही. ग्रीकांचं नाव खूप होतं पण माझ्या मते सुरुवातीच्या रोमवर सगळ्यात मोठा हात शेजारच्या एट्रुस्कन लोकांचा. परंपरेप्रमाणे रोमचे टार्क्विन घराण्याचे राजे एट्रुरियातून, म्हणजे एट्रुस्कनांच्या प्रदेशातून आलेले, रोममधल्या कॅपिटोलिन टेकडीवरचं ज्युपिटर, जुनो आणि मिनर्व्हाचं देऊळ त्यांनीच बांधायला घेतलं आणि आतली ज्युपिटरची मूर्ती म्हणे वेई शहरातल्या वुल्का नावाच्या एट्रुस्कन कारागिराने मातीची घडवली होती. मिनर्व्हा आणि त्यांची मेन्र्वा देवी यांचं नातंही जवळचं, पण कोणी कोणाकडून घेतली यावर अभ्यासकांचं एकमत नाही. बळी दिलेल्या मेंढीचं लिव्हर बघून शकुन सांगायची विद्याही त्यांचीच, १८७७ मध्ये इटलीतल्या पियाचेन्झाजवळ ब्राँझचं एक लिव्हर सापडलं, त्याच्यावर कप्पे पाडून प्रत्येकात देवांची नावं कोरलीत, खरंच अफाट वस्तू आहे, फोटो नक्की शोधून बघा!

रोमच्या आणखी एका शेजाऱ्यांना, सॅबाइन लोकांनाही विसरू नका. धार्मिक विधी लावून देणारा म्हणून रोमन ज्याला मानायचे तो रोमचा दुसरा राजा न्यूमा परंपरेप्रमाणे सॅबाइनच होता.

ग्रीक आले ते मुख्यतः दक्षिण इटलीतल्या त्यांच्या वसाहतींमधून. त्यांच्यातल्या कुमा शहरातल्या सिबिलचे, म्हणजे भविष्य सांगणाऱ्या बाईचे, भविष्यग्रंथ रोममध्ये जपून ठेवलेले, आणि साथ आली तेव्हा नवस बोलून इ.स.पू. ४३१ मध्ये अपोलो या ग्रीक देवाचं देऊळ उभं केलं.